पुरळाची वाट

भावाचा सदरा वर करून त्याची पाठ बघायची, हे तीन आठवडे माझं रोजचं काम होतं. सकाळी उजेड चांगला आला की पाठ, मान, तळहात. काही नाही. मग चहा.

त्याला रक्ताचा कॅन्सर. गेल्या वर्षी पुण्यात माझ्या मूळपेशी त्याला दिल्या, आठ महिने बरे गेले आणि दुखणं परत उलटलं. या वेळी डॉक्टरांनी माझ्या रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी काढून त्याला चढवल्या. म्हणाले, "अंगावर पुरळ आलं तर लगेच कळवा. थोडं आलं तर पेशी कामाला लागल्याची खूण असू शकते. फार वाढलं तर मात्र जिवावर बेतू शकतं."

तेव्हापासून शिराळ्याचं घर नवऱ्यावर टाकून मी कराडला भावाकडे राहिले. इतकी दमले होते की वेणी घालायचाही कंटाळा यायचा. लोक देवाकडे पोराला नोकरी मागतात, मी पुरळ मागत होते.

गुरुवारी मानेवर लाली दिसली. हात लावला तर ओलसर, आंबूस वास. भावजयीला हाक मारली.

"आवं वन्सं, परवापासनं पोटावर पित्त उठलंय त्यांच्या. आमसूल कोळून लावतीया, आज मानंवरबी लावलं. बसंल की."

मी मेली पाठच बघत बसले होते! तिला वाट्टेल ते बोलले. ती रडली, मग मीही रडले. पित्तावर आमसूल लावायचं हे तिला मीच शिकवलं होतं.

तशीच पुण्याला जायला गाडी केली. वाटेतलं खंडाळा येईपर्यंत खाजवून खाजवून त्याच्या दंडातून रक्त आलं.

डॉक्टर म्हणाले, "पुरळ पेशींमुळेच दिसतंय, पण मर्यादेत आहे. सध्या मलमच लावा. पुरळ दाबायच्या गोळ्या दिल्या तर पेशीही थंडावतील."

"मग आजार हटतोय का?"

"ते काही आठवड्यांनी, रक्त तपासल्यावर कळेल."

भाऊ खाजवतच होता. माझ्याच पेशी त्याला ओरबाडत होत्या, मला ते बघवेना. इतके दिवस जे मागितलं तेच थांबवा म्हणून मी हात जोडले. "डॉक्टर, गोळ्या द्या."

भावानं माझे हात धरून खाली केले. एवढ्या आजारपणात त्यानं स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं.

"खाजू दे की, आक्के," तो म्हणाला. "मला जगायचं हाय."