नानांना ऐकू न आलेली किरकिर

वडिलांना मी नाना म्हणत असे. त्यांना ऐकू येईनासं झालंय हे एका घरात राहूनही मला कळलं नव्हतं. वकीलसाहेब गाडीची तक्रार घेऊन दारात आले, तेव्हा कळलं.

धारचं संस्थान विलीन झालं आणि दरबारचा मोटरखाना मोडला. आजोबा पागेत होते, नाना मोटरखान्यात. चाकरीशिवाय आमच्या घराला दुसरं काही ठाऊक नव्हतं. लिलावात कापडी टपाची एक जुनी मोटर या वकीलसाहेबांनी घेतली आणि गाडीबरोबर नानांनाही ठेवून घेतलं. त्याच सुमारास मी देवासहून, सासरहून, कायमची माहेरी आले होते. नवरा विषमज्वराने गेला. मूलबाळ नव्हतं. वय बावीस. आई आधीच गेलेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. मी आळीतल्या बायकांची पोलकी शिवत असे आणि मास्तरणीच्या परीक्षेसाठी हिंदी घोकत असे, कारण शाळा आता हिंदी झाल्या होत्या.

"अहो, त्या वेगाच्या मीटरचं काही तरी करा," वकीलसाहेब ओट्याशी उभे राहून म्हणाले. "कुक्षीहून येताना डोकं उठलं. काटा विसाच्या पुढे गेला की रातकिडा बसल्यासारखं किरकिरतं, तिशीला तर नुसता टाहो. गुरुवारी देवासला मुलीचं डोहाळजेवण आहे. आमच्या घरात कुणाला हे सहन व्हायचं नाही."

नाना त्यांच्या ओठांकडे बघत होते. "कसला आवाज, साहेब?"

"कसला म्हणजे? तीन महिने होतोय की!"

"हां हां, तो होय. करतो, करतो."

साहेब गेले. नाना चुलीपुढे येऊन बसले. मी तव्यावर भाकरी टाकत होते. पाठ फिरवून मी विचारलं, "नाना, भाजीत तिखट कमी घालू?" उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. मग वळून बघितलं, तर ते माझ्याकडेच बघत होते. आपल्याला काही विचारलंय आणि ते आपल्याला कळलं नाही, एवढंच त्यांना कळलेलं होतं.

"हिवताप झाला होता ना पाऊसकाळात," ते म्हणाले, "त्यावर औषध म्हणून कोयनेल घेतलं फार. तेव्हापासून कानात नुसती शीळ वाजते. समोर बसून कुणी बोललं तर समजतं. मागून नाही समजत."

"मग गाडी कशी चालवता?"

"इंजिन मला तळपायाला कळतं, पोरी. गिअर हाताला कळतो. पण ही मीटरची किरकिर ना हाताला लागते ना पायाला. ती फक्त कानालाच असणार." मग म्हणाले, "उद्या माझ्याबरोबर चल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिरल्याच्या रस्त्यावर आम्ही गाडी काढली. मी पुढे, त्यांच्या शेजारी. जन्मात पहिल्यांदा मोटरीत पुढे बसले होते, आणि ते असं. ठरलं असं की आवाज सुरू झाला की मी बोट वर करायचं, वाढला की दुसरं बोट, थांबला की मूठ. पंधरापर्यंत काही नाही. अठराला काटा थरथरायला लागला आणि काचेमागून बारीक टिकटिक आली. मी बोट वर केलं. पंचविसाला त्याची किरकिर झाली, आणि मग ती इतकी चढली की माझे दात आंबले. मी दोन बोटं त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. नाना काट्याकडे बघत होते. काटा तेवढा दिसत होता त्यांना, वेड्यासारखा मागेपुढे नाचणारा.

एका लिंबाखाली गाडी उभी करून ते उताणे होऊन गाडीखाली शिरले आणि गिअरपेटीजवळ मीटरची केबल सोडवून आले. पुन्हा गाडी चालवली. काटा शून्यावर पडलेला, आवाज नाही. मी मूठ दाखवली.

"म्हणजे इंजिन-गिअर बरोबर आहेत," ते म्हणाले. "दुखणं केबलीत आहे, नाही तर मीटरच्या आत."

घराच्या अंगणात त्यांनी नळीतून आतली पिळाची तार ओढून काढली. ग्रीस वाळून काळं, गुळाच्या काकवीसारखं झालं होतं. तार रॉकेलमध्ये धुतली, फळीवर ठेवून तळहाताने लाटण्यासारखी फिरवली. एका जागी ती उडी मारत होती. तिथला बाक त्यांनी अगदी हलक्या हाताने काढला. मग बोटांवर ग्रीस घेऊन तारेला चोळलं, पण वरची वीतभर तार कोरडी ठेवली.

"ती का सोडली?"

मी समोर बसून विचारलं होतं, म्हणून समजलं. "ग्रीस फिरता फिरता वर चढतं. मीटरात शिरलं तर काटा मेला."

पुन्हा तिरल्याचा रस्ता. टिकटिक गेली होती, काटा स्थिर झाला होता, पण तिशीला ती बारीक किंकाळी होतीच. मी एक बोट वर केलं. नानांचा चेहरा पडला. त्यांनी गाडी थांबवली, समोरच्या फळीमागे हात घालून मीटर तारेपासून सोडवलं आणि बाहेर काढलं. त्यांनी पेचकसाचं टोक मीटरच्या पाठीला लावलं, त्याची मूठ दातांत धरली आणि दुसऱ्या हाताने मीटरचा दांडा गरागरा फिरवला. मोटरखान्यात ते असंच ऐकायचे. लोखंडातून आवाज हाडात येतो, म्हणायचे. बराच वेळ फिरवत राहिले. मला ती किंकाळी बाजूला बसून स्वच्छ ऐकू येत होती. मग पेचकस खाली ठेवला.

"काहीच नाही गं," ते म्हणाले.

मी घरून शिवणयंत्राच्या तेलाची कुपी आणली होती. त्यांनी मीटर पालथं धरलं आणि दांड्याच्या तोंडात मला एकच थेंब सोडायला सांगितला. मग पाच मिनिटं ते तसंच धरून बसले आणि मीटर परत जागेवर बसवलं.

परतताना तिशी, पस्तिशी. काही नाही. नुसता वारा आणि टपाचं कापड. मी मूठ दाखवली, हसले. नानाही हसले. तेवढ्यात मागून लॉरीचा भोंगा आला. लांबलचक, एकसारखा. नाना रस्त्याच्या मधोमध होते आणि हसत होते. मी त्यांच्या हाताला धरून ओढलं, गाडी कडेच्या मातीत गेली, लॉरी घासून निघाली. लॉरीवाला मान बाहेर काढून ओरडला, "भिया, बेहरा हे कई?"

त्यांना तेही ऐकू आलं नाही. पण लॉरी दिसली होती. त्यांनी इंजिन बंद केलं.

"साहेबांना सांगू नकोस," ते म्हणाले. "तुझी परीक्षा होईपर्यंत."

संध्याकाळी वकीलसाहेबांनी गावातून एक चक्कर मारली, खूश झाले. उतरल्यावर नाना टप बांधत होते तेव्हा साहेब माझ्याजवळ आले. "मुली, खरं सांग. वडिलांना हल्ली कमी ऐकू येतं का?"

"नाही," मी म्हणाले. "ते मुळातच बोलतात कमी."

गुरुवारी आम्ही देवासला गेलो. कामाला हात हवा म्हणून वकिलीणबाईंनी मलाही बरोबर घेतलं होतं. वाटेत त्या दोनदा म्हणाल्या, "किती शांत चालते हो आता!"

मुलीच्या घराचं अंगण फाटकाकडे उतरतं होतं, आणि गाडी भिंतीकडे तोंड करून उभी होती. गाडीचा हातब्रेक जुना, म्हणून मागच्या चाकाला दगड लावलेला. जेवणं झाली, ओटी भरली, निघायची वेळ झाली. मी ओट्यावर फराळाचा डबा घेऊन उभी होते. नाना गाडीत बसले, इंजिन सुरू झालं. घरचा म्हातारा गडी दगड काढायला चाकामागे वाकला. दगड अडकला होता. तो ओरडला, "रुको भिया, निकल्यो नी हे!" दगड अजून निघालाच नव्हता; त्याने जोर लावला. दगड जरासा सरकला आणि गाडी किंचित हलली. नानांना तळपायाला तेवढंच कळलं. त्यांना वाटलं, निघाला. त्यांनी ब्रेक सोडला आणि गाडी मागे, गड्यावर गेली.

आम्ही सगळे ओरडलो. मी "नाना, नाना" करत डबा टाकून धावले. ते समोर भिंतीकडे बघत होते. मी खिडकीशी पोचून त्यांचा खांदा धरला, तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

गडी तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारला. पंचनाम्यात ब्रेक निसटला असं आलं. वकीलसाहेबांनी ते कसं केलं, मी विचारलं नाही. दवाखान्याच्या पायरीवर त्याची बायको बसली होती. तिने मला पदराला धरून विचारलं, "उनके सुनाई नी दियो कई?" त्यांना ऐकू आलं नाही का, एवढंच ती विचारत होती. मी पदर सोडवून घेतला.

नानांची नोकरी गेली. वकीलसाहेब मला एवढंच म्हणाले, "मी तुला विचारलं होतं." मी परीक्षा पास झाले, कुक्षीला शाळा मिळाली, नाना माझ्याबरोबर आले. पुढे त्यांना काहीच ऐकू येईना; मी पाटीवर लिहून दाखवत असे. एकदा लिहिलं, "मी सांगायला हवं होतं." त्यांनी वाचलं, तळहाताने पुसलं आणि पाटी मला परत दिली. चौथ्या वर्षी ते गेले.

त्यांचे दिवस झाल्यावर मी देवासला गेले. त्या गड्याच्या बायकोला एकदा खरं सांगावं असं मनात होतं. तिच्या खोलीत दुसरंच बिऱ्हाड होतं. शेजारणीने सांगितलं, ती सोनकच्छकडे भावाच्या गावी गेली. गावाचं नावही सांगितलं. मी मोटर अड्ड्यावर चौकशी केली. तिकडची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. दुसऱ्या दिवशी माझी शाळा होती. मी इंदूरची गाडी पकडली आणि तिथून कुक्षीला परत आले. नंतर सुट्ट्या पुष्कळ आल्या. मी गेले नाही.