बिळातला जोंधळा

जोंधळ्याची काढणी झाली की भोंगवलीच्या रिकाम्या वावरांत ठकुबाई एकटी हिंडायची. टाच आपटत चालायची. जमीन पोकळ वाजली की तिथं पहार घालायची. हातभर खाली रानउंदरांनी साठवलेली कणसं निघत, कधी शेरभर, कधी दोन शेर. वावर कुणाचंही असो, बिळातलं उकरणाऱ्याचं, असा रिवाज होता. नवरा मेल्यावर याच कणसांवर तिनं लेकाला, कुंडलिकाला, वाढवला.

कुंडलिक सारोळ्याला रस्त्याच्या कामावर दरड अंगावर येऊन गेला. मागं सून राहिली, बनाबाई, सातवा महिना लागलेली. कुंडलिकाचं जगात उरलं ते तिच्या पोटात होतं तेवढंच.

भोरचं संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या वर्षी गावात प्लेगचे उंदीर मरून पडू लागले. आढ्यावरून, चुलीपाशी, पटापटा. लोकांनी घरांना कड्या घातल्या आणि माळावर खोपी उभारल्या. ज्यांच्याकडं धान्य होतं त्यांनी ते बरोबर नेलं. ठकुबाईकडं न्यायला काही नव्हतं.

लस टोचायला आलेल्या आनंदरावानं सगळ्यांना माळावर बसवून सांगितलं, "घरातला उंदीर मरतो, म्हणून आपल्याला कळतं. रानातला लवकर मरत नाही. रोग अंगात घेऊन हिंडतो. त्याच्या पिसवा चावल्या की संपलं. बिळांना हात लावायचा नाही."

"म्हंजी आमच्या ठकुबाईची भाकरी बंद!" शेजारची फुलाबाई म्हणाली. बायका हसल्या.

"अवं सायेब," ठकुबाई म्हणाली, "माजं उंदीर तुमच्यापरीस गुटगुटीत हाईत. त्यास्नी कसला रोग?"

ती थट्टा करत नव्हती. उंदीर पडतो तिथं रोग, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. रानात एकही पडला नव्हता. आणि बनाबाई दोन दिवस मीठ घातलेल्या पातळ कण्यांवर होती.

तिसऱ्या दिवशी ठकुबाईनं बीळ उकरलं. उंदीर टणाटण उड्या मारत पळाले, तकतकीत, डोळे चमकणारे. त्यांना पाहून तिच्या मनातली उरलीसुरली शंका गेली. कणसं तिनं खोपीत आणून ओतली.

"आत्याबाई, सायेब नगं म्हनला व्हता," बनाबाई म्हणाली.

"सायबाच्या पोटात पोर न्हाई. चोळ कणसं."

बनाबाई कणसं मांडीवर घेऊन चोळत बसली. मधूनच घोटा खाजवायची. त्या दिवशी दोघी पोटभर जेवल्या.

त्यानंतर पाचव्या दिवशी बनाबाईच्या जांघेत गाठ आली. आनंदराव दोनदा गोळ्या घेऊन आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा ठकुबाई सुनेच्या पोटावर हात ठेवून बसली होती. सून सकाळीच गेली होती. त्यानंतरही पोटातलं हलत होतं, असं ठकुबाई सांगत राहिली. कुणी ते खोडून काढलं नाही. तिला स्वतःला साधी कणकणही आली नाही.

माती देऊन माणसं परतली. आनंदरावानं विचारलं, "हिनं कशाला हात लावला होता?"

"गावात गेली आसंल, घर बघाया," फुलाबाई घाईनं म्हणाली, आणि ठकुबाईच्या कानाशी पुटपुटली, "गप ऱ्हा. हितनंबी हाकलतील."

"म्या आनली कणसं," ठकुबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "बिळातली. तिच्या मांडीवर म्याच घातली."

माणसं मागं सरली. कुणीतरी थुंकलं. आनंदराव तिच्याजवळ आला.

"आणखी बिळं ठाऊक आहेत?" त्यानं विचारलं. "औषध घालून बुजवायला हवीत."

तिला सगळी ठाऊक होती. गवतात, बांधाखाली, खोपींच्या अगदी कडेला. गावची पोरं त्यांच्यावरूनच धावत होती. ठकुबाई उठून पुढं झाली. तिच्यामागं औषधाच्या भुकटीचा डबा घेतलेला आनंदराव, आणि बऱ्याच अंतरावर गाव.

"ह्ये," ती म्हणाली.

त्यानं भुकटी आत सोडली, ओली माती थापली. आत चिरकण्याचा आवाज उठला आणि थांबला.

"ह्येबी," ठकुबाई म्हणाली. ती आधीच पुढच्या बिळापाशी जाऊन उभी होती.