बाईंच्या तासाला आलेली साक्षीदार

‘सगळ्यांना माहीत आहे’ असं बाईंसमोर म्हणायची सोय नव्हती. चष्मा कपाळावर सारायच्या, डोळे बारीक करायच्या आणि विचारायच्या, “सांगणारा तिथं होता का?”

आमच्या शाळेचा शिपाई एकदा धावत आला. “बाई, उद्या सुट्टी हाय म्हणं. सगळी म्हणत्यात.”

“सांगणारा तिथं होता का?”

“कुठं, बाई?”

“कलेक्टरांच्या टेबलापाशी.”

शिपाई बिचारा डोकं खाजवत गेला. माझीही गत फार वेगळी नव्हती. माझ्या आजोबांनी उसाच्या फडात कोयत्यानं बिबट्या लोळवला होता, ही आमच्या घराण्याची ठेव. ती मी एकदा शिक्षकखोलीत मोठ्या ऐटीत काढली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “म्हणजे बिबट्याचं म्हणणं काय होतं, ते कळायला मार्ग नाही.” तेव्हापासून तो बिबट्या मी पुन्हा बाहेर काढला नाही.

बाई इतिहास शिकवायच्या आणि मी गणित. आमच्या वर्गांच्या मधे एक लाकडी फळ्यांची आडभिंत होती, तिच्यातून पलीकडचं सगळं ऐकू यायचं. माझ्या पोरांचं अर्धं लक्ष तिकडंच असायचं. पोरांना कशाला नावं ठेवू, माझंही असायचं.

आमचं गाव कऱ्हाडहून विट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. निम्म्या पोरांचे बाप फौजेत, उरलेल्यांतले बरेच दूरच्या शहरांत गलाईच्या दुकानांत सोनं गाळत बसलेले. वेशीत लढाईत गेलेल्यांच्या नावांचा दगड आहे. अशा गावात इतिहासाचा तास म्हणजे तलवारी आणि तोफा, हे पोरं आईच्या पोटातूनच शिकून येतात. बाई मात्र फळ्यावर मधोमध उभी रेघ ओढायच्या, एका बाजूला म्हणणं, दुसऱ्या बाजूला पुरावा.

“मोहिमेवर सैन्य आठ-आठ महिने जायचं. मग इकडं पेरलं कुणी?”

“बायांनी!” सगळा वर्ग ओरडायचा.

“मग पुस्तकात त्यांच्याबद्दल काय लिहिलंय?”

“धीर दिला, बाई. ओवाळलं.”

“हं. एक जण लिहितो, बायका म्हणजे लढणाऱ्यांच्या मागची शक्ती. दुसरा लिहितो, त्यांनी राज्याची शेती चालवली. तिसरा म्हणतो, त्यांना कुणी विचारलंच नाही. तिघंही इतिहासकारच. आता कुणाचा पुरावा काय, ते बघू.”

तासाच्या शेवटी बाई पोरांना कौल द्यायला लावत. या म्हणण्यावर विश्वास ठेवणारे हात वर, त्या म्हणण्यावरचे हात वर. मग कुणी का हात वर केला, यावर भांडण. घंटा झाली तरी ते भांडण पटांगणात चालू राहायचं. इतिहासावरून मारामारी करणारी पोरं मी फक्त बाईंचीच पाहिली.

त्याच वर्गात अनुजा नावाची मुलगी होती. तिच्या आजीला सगळं गाव आक्का म्हणायचं. आक्काचे मालक सीमेवरच्या लढाईत कामी आले, तेव्हा आक्का विशीतली, पदरात तान्हं पोर. दर पंधरा ऑगस्टला तिला स्टेजवर बसवायचं, शाल-नारळ द्यायचा आणि कुणीतरी भाषण करायचं. भाषण ठरलेलं. लढाईवर हजर व्हायची तार आली, जवान निघाला. आक्कानं दारात तबक घेऊन ओवाळलं, कपाळी कुंकू लावलं आणि हसत सांगितलं, ‘पाठ दाखवू नका.’ इथं टाळ्या. आक्का खाली बघत बसलेली असायची. मान वर केलेली मी कधी पाहिली नाही.

बाईंनी ते बरोबर हेरलं. त्या आक्काच्या घरी गेल्या, दोनचार दुपारी तिच्यासोबत शेंगा फोडत बसल्या आणि एक दिवस तिला वर्गात घेऊन आल्या. आक्का नवं लुगडं नेसून आली होती. आडभिंतीपलीकडून तिचा आवाज आला आणि मी हातातला खडू खाली ठेवला.

“कसलं ववाळतीया मी! तार आली आन् रातीच मी त्यांचं बूट कडब्याच्या गंजीत दडवलं. बूट न्हाई तर जात्याल कसं, येवढीच माझी अक्कल. सासऱ्यानं हुडकून काढलं. मग मला आला राग. मी गोठ्यात जाऊन बसले. त्यांनी दारातनं दोनदा हाक मारली. मी ओ दिली न्हाई.”

माझ्याही वर्गातली पोरं आडभिंतीकडे वळून बसली होती.

मग बाईंचा आवाज आला. दर तासाला येतो तसाच. “मुलांनो, आपल्यापुढं आता दोन म्हणणी आहेत. एक भाषणातलं, एक आजींचं. कुठल्यावर जास्त विश्वास ठेवाल? भाषणातल्यावर ज्यांचा विश्वास, त्यांनी हात वर करा.”

पुढचं मला दिसलं नाही, पण बाकांचा आवाज आला. कितीतरी बाकांचा. एक पोरगा म्हणाला, “बाई, आजी म्हाताऱ्या हायत. इसरत्यात. सगळं गाव दरसाली सांगतंय, पाव्हणं बी सांगत्यात. येवढी मानसं खोटं कशी बोलतील?” दुसरा म्हणाला, “असं कोण करंल, बाई? जवानाची बायकू हाय ती.”

आणि मग आक्का बोलली. रागानं नाही, आजारी माणसानं औषधाला हो म्हणावं तसं. “बरुबर हाय पोरांचं, बाई. मी आडाणी. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं नसंल.”

मी बाहेर आलो तेव्हा ती व्हरांड्यातून निघाली होती. चहा घेऊन जा म्हटलं तर नको म्हणाली. अनुजा दारात उभी होती आणि रडत होती. हात तिनंही वर केला होता.

त्या दिवशी बाई शिक्षकखोलीत डबा न उघडता बसून राहिल्या. मी म्हटलं, “बाई, पोरं ती. उद्या समजावून सांगा.”

“पोरांचं काय चुकलं, सर?” त्या म्हणाल्या. “हात वर करा असं मी म्हटलं. समोर जिवंत बाई बसलीय, तिनं आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलंय, आणि मी तिच्यावर कौल घेतला. आणि का घेतला, सांगू? मला वाटलं होतं, सगळे हात तिच्या बाजूनं वर जातील. माझं शिकवणं पोरांत किती मुरलंय, ते मला बघायचं होतं.”

मी माझाही डबा बंद केला. गणितात असलं काही येत नाही.

पुढच्या पंधरा ऑगस्टला आक्काला शाल दिली आणि ती पहिल्यांदाच माईकपाशी गेली. “मी ववाळलं,” ती म्हणाली. “कुकू लावलं. पाठ दावू नगा म्हनलं.” गावानं अशा टाळ्या वाजवल्या की झेंड्याखालची कबुतरं उडाली. पोरांच्या रांगेमागं बाई उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघायचं मला धाडस झालं नाही.

बाईंनी वर्गातले कौल बंद केले. पोरांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. “बाई, हात कवा वर करायचं?” असं विचारायची. “नाही करायचे,” एवढंच बाई म्हणायच्या. फळ्यावरची रेघ तेवढी राहिली. शिकवण्यातली मजा मात्र गेली होती, हे मी आडभिंतीअलीकडून सांगू शकतो.

रविवारी बाई आक्काकडे जायच्या. एकदा मीही सोबत होतो. शेंगा फोडता फोडता बाई हळूच म्हणाल्या, “आक्का, तुम्ही वर्गात सांगितलं होतं, तेच खरं होतं. मला माहीत आहे.”

“ऱ्हाऊ द्या आता, बाई,” आक्का म्हणाली. “कशाला उकरायचं? ठरलंय न्हवं सगळ्यांचं.” आणि तिनं बाईंच्या पुढ्यात गुळाचा खडा सरकवला. बाईंनी तो हातात धरून ठेवला, तोंडात घातला नाही.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, एवढं काय त्यात? म्हातारीचा मान वाढला, गाव खूश, शाळा खूश. मीही असंच म्हणत आलो होतो. बाईंना मात्र ते कधीच पटलं नाही. निवृत्त होऊन त्या मिरजेला लेकाकडे गेल्या, तरी सणासुदीला एसटीनं यायच्या. शाळेच्या बाजूला फिरकायच्या नाहीत, थेट आक्काच्या अंगणात जायच्या.

मग आक्का आजारी पडली आणि तिला मिरजेलाच दवाखान्यात आणलं. मी भेटायला गेलो तर बाई उशाशी बसलेल्या. रोज येतात, असं अनुजा म्हणाली. ती आता कॉलेजात शिकत होती. थोड्या वेळानं बाई मला बाहेर घेऊन गेल्या.

“काल मी तिला विचारलं, सर. म्हटलं, आक्का, ते कडब्यात दडवलेले बूट आठवतात का? मला म्हणाली, ‘कुठलं बूट, बाई?’” त्या भिंतीला टेकल्या. “नाटक करत नव्हती. गेलंय ते. तिच्याकडून साफ गेलंय. ज्या हाका तिनं जन्मभर कानात सांभाळल्या होत्या, त्या मी घालवल्या.”

“पण बाई,” मी म्हटलं, “तिला बरंच वाटत असेल की. ओ दिली नाही, ही सल तरी गेली. आता तिनं ओवाळून निरोप दिलाय.”

बाईंनी चष्मा काढला. “मग मी काल का विचारलं? तिच्यासाठी नाही. तिनं एकदा ‘व्हय’ म्हटलं असतं, तर मला झोप लागली असती. माझ्या झोपेसाठी मी तिला पुन्हा त्या गोठ्यात नेऊन बसवणार होते.” आणि त्या रडल्या, तोंडाला पदर लावून, आवाज न करता.

आक्का त्यानंतर फार दिवस राहिली नाही. बाईही आता गेल्या. गेल्या महिन्यात मिरजेहून त्यांच्या लेकाचा फोन आला, तेव्हा मला बाईंचा वर्ग आठवला नाही. त्या दवाखान्यातली दुपार आठवली.

डोळे पुसून बाई आत गेल्या होत्या. आक्काला उशीला टेकवून बसवलं आणि तिच्या विरळ केसांतून फणी फिरवायला लागल्या. आक्का त्या निरोपाची गोष्ट सांगत होती: मी तबक घेतलं. पाच वाती लावल्या. हिरवं लुगडं होतं अंगावर. भाषणात नसलेलंही कायकाय त्यात आलं होतं.

“आणि मग?” बाईंनी विचारलं.

“मग त्यांनी हाक मारली.”

फणी थांबली.

“आन् मी म्हनलं, आले, आले.”

“हं,” बाई म्हणाल्या, आणि पुन्हा केस विंचरू लागल्या.