मैदानावरून आलेल्या मुलीचे ताट

डॉ. मनोरमाबाईंकडे मी पहिल्यांदा गेले ते त्यांचे प्रमाणपत्र मिळवायला. रेशनचे दिवस होते. मुलुंडच्या आमच्या मुलींच्या शाळेत मी नुकतीच व्यायामशिक्षिका म्हणून लागले होते. खो-खोच्या संघातली शकू वाळत चालली होती, आणि तिची आई मला बोल लावत होती. "चेडू सुकत चाललां, बाई. ह्यां खेळणां आता पुरे." खेळण्याने कुणी वाळत नाही, हे डॉक्टरांनीच सांगावे म्हणून मी मायलेकींना दवाखान्यात नेले.

बाईंनी माझी बाजू घेतली नाही. "व्यायामात स्नायू झिजतो. तो नंतर भरून येतो, पण प्रथिनं पोटात गेली तरच. डाळ, कडधान्य, दूध, मासळी." मग त्यांनी शकूला विचारले, "मैदानावरून घरी गेल्यावर काय खातेस गं?"

"चहा. मग बाबा नि दादा जेवले की आम्ही."

"मासळी उरते?"

"रस उरतो."

आईने मान खाली घातली. बाई आता तिला फैलावर घेणार, असे मला वाटले. त्यांनी हळूच विचारले, "आणि तुमच्या वाट्याला काय उरतं हो?" त्या माउलीचे डोळे भरून आले.

त्याच आठवड्यात बाई मला घेऊन शकूच्या घरी गेल्या. शकूचे वडील गिरणीत, स्वभावाने तापट. मुलीला उरलेल्यावर ठेवू नका, असे बाईंनी सांगितले, तर ते म्हणाले, "कामावरसून इलेल्या माणसान पोरींच्या मागसून जेवूचां?"

"मागून कशाला? सगळे एकदमच बसा."

बाई परतताना म्हणाल्या, "चिडले असतील. पण ऐकलं त्यांनी." काही दिवसांनी शकू शाळेत धावत आली. वडिलांनी आपल्या ताटातला बांगडा मोडून निम्मा तिच्या आईला वाढला होता!

पुढे बाईंच्या आग्रहाने शाळेत खेळानंतर उकडलेले चणे मिळू लागले. एका आईने मुलीला खेळातून काढून नुसती दूध-अंडी सुरू केली, तर बाईंनी त्या मुलीला परत मैदानावर पाठवले. "शरीराला आधी कामाला लावा, मग खाऊ घाला." शकूचे दंड हळूहळू भरले. आज ती घाटकोपरला मुलींना खेळ शिकवते.

बाईंना साठ वर्षे पूर्ण झाली. आता विश्रांती घ्या, असे म्हणण्याची आमची छाती नाही. त्यांच्या गुडघ्यांनी फार कुरकुर करू नये, आणि आमच्या विद्यार्थिनींच्या लेकींनाही त्यांनी असेच दटावत राहावे, एवढेच मागणे.