बोलावल्याशिवाय

ती कवळ्या करायची. चौथ्या मजल्यावरच्या छोट्या कारखान्यात मेणाचे साचे, पॉलिशचं चाक आणि गुलाबी हिरड्यांची रांग. "निम्म्या शहराचं हसू माझ्या हातात आहे," असं म्हणायची, स्वतः मात्र बेताचंच हसायची.

पाच बहिणी दोन खोल्यांत वाढल्या. कुणाचा पाय हिच्या तोंडावर, हिची उशी दुसरीच्या डोक्याखाली. कमवायला लागली तशी तिनं पहिलं काम केलं ते भाड्याची खोली घेण्याचं. दार लावून घेतलं आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. आई रडली. हिला मात्र हायसं वाटलं.

चाळिशीला आली तेव्हा तो भेटला. कारखान्याच्या इमारतीतली लिफ्ट मध्येच बंद पडली आणि ती आत अडकली. दुरुस्तीला आलेला माणूस बाहेरून ओरडून धीर देत होता, "घाबरू नका हां."

"सावकाश होऊ द्या," आतून आवाज आला. "मला इथे बरं वाटतंय."

तो खो खो हसला. लिफ्ट सुरू झाल्यावर चहाला चला म्हणाला. तीही गेली.

पुढं रविवार त्यांचा झाला. रविवारी तो यायचा, दोघं मिळून स्वयंपाक करायची, फिरायला जायची, आणि दिवेलागणीला तो परत जायचा. त्यानं एकदा घरात घालायचा सदरा तिच्या खुंटीवर ठेवला, तर तिनं घडी करून पिशवीत घालून दिला. त्याचं तोंड उतरलं.

एकदा ती तापानं फणफणली होती. फोनवर आवाज ऐकून तो औषधं घेऊन धावत आला. तिनं दार अर्धंच उघडलं.

"मी बोलावलं होतं का तुला?"

त्यानं पुडी उंबऱ्यावर ठेवली आणि जिना उतरला. त्यानंतर तो बोलावल्याशिवाय कधी आला नाही. तिला वाटलं, चला, समजूतदार आहे. मैत्रिणींना कौतुकानं सांगायची, "असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही."

वर्षं गेली. एका आठवड्यात त्याचा निरोप आला, कामासाठी बाहेरगावी चाललोय. महिना झाला तरी पत्ता नाही. मग इमारतीत लिफ्ट तपासायला दुसराच माणूस आला. तिनं सहज विचारलं, तर तो चकित झाला. "त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं ना. तुम्हाला माहीत नाही?"

हातातली कवळी तशीच टाकून ती दवाखान्यात पोचली. पलंगाशी त्याची थोरली बहीण बसली होती.

"तुम्ही कोण?" बहिणीनं विचारलं.

"ओळखीच्या आहेत," तो हळूच म्हणाला.

बहीण चहा आणायला गेली तशी ती फुटली. "मला का नाही कळवलंस?"

"कळवलं असतं तर तू धावत आली असतीस. मग तुला वाटलं असतं, अडकले आता."

"ते माझं मला ठरवू द्यायचंस."

"हो," तो म्हणाला. "चुकलंच."

त्याच्या हातावर हात ठेवून ती म्हणाली, "माझ्याकडे राहायला ये. मी करीन सगळं."

त्यानं नजर छताकडे वळवली. "ऑपरेशनच्या आधी हे ऐकायला फार आवडलं असतं गं. आता ताईकडे जायचं ठरलंय."

तो बहिणीच्या गावी गेला. फोन व्हायचे, पण तब्येत, हवापाणी, इतकंच. शेवटी तीच उठली आणि आठवड्याची रजा टाकून तिकडे गेली. तो वाळला होता, पण तिला पाहून त्याचा चेहरा उजळला. दोघं अंगणात बसली. त्यानं शेजारपाजारचे किस्से सांगितले, ती मनापासून हसली.

ऊन कललं तशी ताई बाहेर आली. "राहा की आज. बिछाना घालते."

तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"नको गं ताई, तिला आग्रह करू नकोस," तो घाईनं म्हणाला. "तिला उद्या काम असेल. तिला स्वतःच्या घरीच झोप लागते."

बोलताना तो तिच्याकडे आपुलकीनं पाहत होता. तिची अडचण आपण वेळेवर ओळखली, याचं समाधान त्याच्या डोळ्यांत होतं. रजेचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"हो, काम आहे," ती म्हणाली, आणि तिनं पिशवी उचलली.