टाके निघाल्यावर

त्यांना मी चाचा म्हणायची. रोह्याला, नदीपलीकडे अष्टमीच्या बाजूला त्यांचं सायकलचं दुकान होतं. मी सायकल शिकले ती त्यांच्याकडून तासाच्या भाड्याने घेतलेल्या सायकलवर. पुढे भाड्याच्या सायकली कुणी नेईनासं झालं. चाचांनी त्या विकल्या, पण दुकान काही बंद केलं नाही. पंक्चर, हवा, एखाद्या ब्रेकची तार, एवढंच काम उरलं होतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीसुद्धा ते घरून चालत यायचे आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या जुन्या जीपच्या सीटवर दिवसभर बसायचे. मुलगा कतारला. घरी चाची एकटी.

मी पेणच्या एका हॉस्पिटलात सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर आहे. रोजचं जाणंयेणं रोह्याहून, सकाळच्या गाडीने. त्या दुपारी अँब्युलन्समधून चाचांना आणलं तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. डोळे खोल गेलेले, पोट तटतटून फुगलेलं. कित्येक वर्षं हर्निया होता, तो कुणालाही न सांगता पट्टा बांधून चालवत होते. दोन दिवसांपूर्वी त्यात आतडं अडकलं. उलट्या थांबेनात तरी चाचीला म्हणाले, बोंबील बाधले असतील.

आमच्या सरांनी तपासलं. "आतडं बहुतेक काळं पडलंय. पोट उघडावं लागेल, आणि आत्ताच."

सर या विषयावरचं नवं संशोधन नेमाने वाचतात. त्यांचं एक म्हणणं आम्हाला पाठ झालंय: असं तातडीचं ऑपरेशन झालेला म्हातारा माणूस टाके काढून घरी गेला म्हणजे बरा झाला, असं धरू नका. तो पुन्हा पहिल्यासारखा चालेल का, हातानं जेवेल का, हे त्याला आधी सांगायला हवं. त्याला तेच विचारायचं असतं. म्हणून आमच्या वॉर्डातून अशा प्रत्येक पेशंटला महिन्यानंतर फोन जातो. तो फोन मीच करते.

सरांनी चाचांना धोका समजावला आणि ते थिएटरकडे वळले. जाताना मला म्हणाले, "तुझ्या ओळखीचे आहेत ना? तू बोल. नंतरचंही सांग."

चाचीने मुलाला फोन लावून दिला होता. तो तिकडून रडत होता. "सिस्टर, काय पन करा, अब्बांना वाचवा."

चाचांनी मला जवळ बोलावलं. "तू खरा सांग गो. मी परत दुकानात बसन काय? तसा नसंल तर मना फाडू नका."

मला नंतरचं सगळं ठाऊक होतं. असे किती फोन मी केले होते. पण घड्याळ पुढे सरकत होतं, चाची दारापाशी तोंडात पदर धरून उभी होती, आणि मलाही ते जगायला हवे होते. मी म्हटलं, "व्हय चाचा. महिन्याभरात बसाल."

त्यांनी सही केली.

ऑपरेशन नीट पार पडलं. कुजलेलं आतडं काढलं, वरचं टोक पोटावर बाहेर आणलं आणि त्यावर मळ जमायला पिशवी लावली. पुढचे चार दिवस चाचांना भ्रम झाला होता; मला दुकानातला नोकर समजून हवेचा पंप मागायचे. मग शुद्ध आली, ताप उतरला, टाके निघाले. वॉर्डात सगळ्यांना बरं वाटलं. ते घरी गेले ते मात्र स्ट्रेचरवरून.

महिना झाल्यावर मी फोन केला. चाचीने उचलला. समोरच्या कागदावरचे प्रश्न मी तिला एकेक करून विचारले.

"जेवतात का?"

"दोन चमचे पेज घेतात."

"चालतात?"

"पलंगावरनं उतरत नाय गो."

मग तिने फोन चाचांना दिला. "कोन, सिस्टर काय?" ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला सिस्टर कधी म्हटलं नव्हतं. "टाके बरे भरले. पिशवी कवा काढनार?"

सरांना विचारून सांगते म्हटलं. सरांचं उत्तर मला माहीतच होतं. तरी विचारलं, आणि ते तेच म्हणाले: एवढ्या अशक्तपणात पुन्हा ऑपरेशन झेपणार नाही. मग त्यांनी विचारलं, "आधी काय सांगितलं होतंस?" मी सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

चाचांना मी उलट फोन केलाच नाही.

मुलगा पंधरा दिवसांची रजा काढून आला. त्याने एक दिवस बापाला खुर्चीत बसवून उचलून रिक्षापर्यंत आणलं, दुकानात नेलं आणि त्या जीपच्या सीटवर नीट टेकवलं. समोरचा चहावाला धावत आला, दोघंतिघं जमली. एवढ्यात पिशवी सुटली. चाचांनी लुंगीवर हात दाबून धरला आणि मुलाला हळूच म्हणाले, घरी ने. त्या दिवसापासून त्यांनी पेजही सोडली. मुलगा परत जाऊन आठवडाही झाला नाही, तोवर ते गेले.

हे सगळं मला चाचीने सांगितलं. मी भेटायला गेले होते. तिचा माझ्यावर जराही राग नव्हता. "तुज्यामुळं पोराची न् बापाची भेट झाली," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. चाचांना मी काय शब्द दिला होता, ते तिने ऐकलं नसावं. मीही ते सांगितलं नाही.

निघताना तिने कपाटातून एक खोका काढला. "नव्या पिशव्या हायत. कुनाला लागतील काय?"

मी तो घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी वॉर्डात खाडीकाठच्या खारपाटातल्या गावचा एक शेतकरी होता, चाचांहून थोडासाच लहान. पिशवी कशी लावायची ते मी त्याच्या बायकोला शिकवत होते. तिने विचारलं, "यांना पयल्यासारखा सगला जमंल ना गो?"

"सांगता येत नाही मावशी," मी म्हटलं. "कदाचित नाही जमणार."

तिचा चेहरा उतरला. नवऱ्याकडे न बघता ती पिशवीचा चिकट कागद सोलत बसली. दोनदा तो तिच्या बोटांना चिकटला. तिसऱ्यांदा मी तिचा हात धरला आणि आम्ही दोघींनी मिळून पिशवी लावली.