पलंग आणायला दुबईला

सासरे गेल्यानंतर सासूबाई व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे मस्कतला आल्या. गुहागरच्या घरात त्या एकट्याच उरल्या होत्या आणि त्यांनी आता इथेच राहावं असं नवऱ्याच्या मनात होतं. त्यांच्या गुडघ्यांना बरा पडेल असा उंच पलंग, खाली खण असलेला, त्याने वेबसाइटवर हेरून ठेवला. इथल्या दुकानात तो संपला होता, दुबईच्या शाखेत मिळत होता. म्हणून एका शनिवारी पहाटे आम्ही दोघं, सासूबाई आणि आमची नववीतली मुलगी गाडीने निघालो. रात्री परत यायचं होतं.

सोहारला चहा झाला. पुढे सीमेवर, खिडकीतल्या ओमानी अधिकाऱ्याने सासूबाईंचा पासपोर्ट चाळला आणि हिंदीत शांतपणे सांगितलं, या बाहेर जाऊ शकतात, पण यांचा व्हिसा एकदाच आत यायचा आहे, परत येताना नवा लागेल. दुबईचा व्हिसा नवऱ्याने आठवणीने काढला होता, इकडच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. त्याने दोन-तीन तऱ्हांनी विचारून पाहिलं. उत्तर तेच आलं.

तो मागे फिरायला निघाला, पण सासूबाई ऐकेनात. एवढं लांब आलाय तर तुम्ही बापलेक जा, आम्ही दोघी थांबतो, म्हणाल्या. मग त्याने आम्हाला अलीकडच्या शिनासला आणून सोडलं आणि मुलीला घेऊन पुन्हा सीमेकडे गेला.

शिनास हे समुद्राकाठचं लहानसं गाव. आम्ही थोडं फिरलो. एका दुकानात सासूबाईंनी शिवणाचे धागे पाहिले, घेतले नाहीत. ऊन चढल्यावर एका मलबारी हॉटेलात शिरलो. पडदा लावलेल्या फॅमिली रूममध्ये डोसा खाल्ला आणि नंतर चहा मागवत बसून राहिलो. एसीचा आवाज तेवढा होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघीच अशा कधी बसलो नव्हतो. बोलायला विषय सापडेना.

दुसरा चहा आल्यावर त्या म्हणाल्या, "मी परत जाणार आहे. तुला आधी सांगते."

मी काही चुकलं का विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"तुमच्याकडे कशाचीच कमी नाही गं. पण इथे माझी दुपार संपत नाही. तिकडे शिवण शिकायला मुली येतात, चार कधी वाजतात कळत नाही."

"मग आज आलात कशाला, आई?"

"तो एवढ्या हौसेने खोलीची मापं घेत होता. नाही म्हणवेना."

मला हायसं वाटलं. सहा महिने घरात राहून त्यांची दुपार कशी जाते हे मी कधी विचारलं नव्हतं, हेही तेव्हाच जाणवलं. दोन्ही गोष्टी मी मनातच ठेवल्या.

थोड्या वेळाने नवऱ्याचा फोन आला. पलंग समोर होता, पांढरा घेऊ की तपकिरी, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी फोन सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी त्याला सरळ सांगितलं, पलंग घेऊ नकोस, मी दिवाळीआधी घरी जाणार आहे. मग तो म्हणाला, ठीक आहे, आणि फोन ठेवला.

अंधार पडल्यावर गाडी आली तेव्हा टपावर लांबलचक खोकी बांधलेली होती. मागची अर्धी सीटही भरलेली. मुलगी हळूच माझ्या कानाशी म्हणाली, "बाबा शॉपमध्ये कुणाशी बोललेच नाहीत." मस्कत येईपर्यंत तो पलंगाबद्दल बोलला नाही आणि सासूबाईंनीही विचारलं नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्याने तो एकट्याने जोडला. सासूबाई उरलेले दिवस त्यावर झोपल्या. उठताना गुडघ्याला बरं पडतं, असं त्यांनी त्याला मुद्दाम सांगितलं. दिवाळीआधी त्या गुहागरला परत गेल्या.

आता त्या दर हिवाळ्यात महिनाभरासाठी येतात. परतीचं तिकीट काढूनच येतात. नवरा त्यांना घ्यायला विमानतळावर जातो आणि राहायचा विषय काढत नाही.